कार्डाची बक्षिसे घेण्याआधी वही उघडा

संध्याकाळी दुकान वाढवण्याच्या सुमारास हमखास फोन वाजतो. पलीकडून गोड आवाजात सांगितले जाते, "सर, आपल्या नावावर दोन लाखांचे क्रेडिट कार्ड मंजूर झाले आहे. आयुष्यभर मोफत, वर दोन हजारांचे व्हाउचर." मॉलच्या दाराशी, पेट्रोल पंपावर, रेल्वे स्टेशनच्या जिन्याखाली टेबल मांडून बसलेली मुलेही हेच सांगतात. १९८० साली सेंट्रल बँकेने आपले कार्ड बाजारात आणले तेव्हा ते साहेबलोकांच्या खिशात असायचे आणि दुकानदार कार्बनच्या चिठ्ठीवर दांडा ओढून कार्डाचा ठसा घ्यायचा. आज तेच कार्ड भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला, नागपूरच्या मोमिनपुऱ्यातल्या गॅरेजवाल्याला आणि मालेगावच्या बेकरीवाल्याला घरपोच मिळते. तेव्हा कार्ड कसे निवडावे, त्याची बक्षिसे कशी मोजावीत आणि केव्हा सरळ नकार द्यावा, याचा विचार आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांनी करणे गरजेचे झाले आहे.

बक्षीस येते कोठून?

हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसले तरी चालेल, पण दुकानदाराला ठाऊक असलेच पाहिजे. कारण ते त्याच्याच गल्ल्यातून जाते. समजा आपल्या दुकानात एकाने हजार रुपयांचा माल घेतला आणि क्रेडिट कार्ड मशीनला लावले. बँकेचे कमिशन दोन टक्के धरले तर वीस रुपये कापले जातात, त्यावर अठरा टक्के जीएसटी म्हणजे आणखी तीन रुपये साठ पैसे. आपल्या खात्यात ९७६ रुपये ४० पैसे येतात. गिऱ्हाइकाला कार्डावर जे दहा रुपयांचे पॉइंट मिळतात ते या वीस रुपयांतलेच. बँकेची दुसरी मोठी कमाई म्हणजे वेळेवर पूर्ण बिल न भरणाऱ्यांचे व्याज. म्हणजे बक्षिसाचा खर्च दोघे उचलतात, माल विकणारा आणि थकवणारा. आपण विकणारे आहोतच. थकवणारेही झालो तर दुसऱ्यांच्या बक्षिसांचा खर्च दोन्ही हातांनी भरत राहू.

जीएसटीची नियमित नोंदणी असलेल्या दुकानदाराला कमिशनवरच्या कराची वजावट मिळते, कंपोझिशनवाल्याला मिळत नाही. एवढे आपल्या कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

व्याजाचा प्रश्न

आपल्या वाचकांचा पहिला प्रश्न हाच असणार, म्हणून तो आधी घेतो. क्रेडिट कार्डाच्या करारात पूर्ण बिल वेळेवर न भरल्यास व्याज देण्याचे कलम असते आणि अर्जावर सही करताना आपण ते मान्य करतो. मुदतीत पूर्ण पैसे भरले तर प्रत्यक्षात व्याजाचा एक पैसाही द्यावा लागत नाही, म्हणून गरजेपुरते कार्ड बाळगायला हरकत नाही असे काही उलेमांचे मत आहे. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने मात्र सप्टेंबर २००० मध्ये रियाधच्या बैठकीत ठरवले की, व्याजाची अट असलेले कार्ड मुदतीत फेडण्याच्या इराद्यानेही घेणे जायज नाही. आखातात नोकरीला असलेल्या कोकणातल्या आपल्या भावांना तिथल्या इस्लामी बँकांची, व्याजाऐवजी ठराविक शुल्कावर चालणारी कार्डे मिळतात. भारतात अशी बँक नाही. इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय झाल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये माहिती अधिकाराच्या उत्तरात सांगितले होते.

तेव्हा ज्याला संशय आहे त्याने आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावे, आणि विचारताना कार्डाच्या अटींचा कागद बरोबर न्यावा. नुसते "कार्ड चालते का?" असे विचारल्यास उत्तरही अर्धवटच मिळेल. ज्याला हा मामलाच नको त्याने डेबिट कार्डाकडे पाहावे. काही डेबिट कार्डांवरही विमानतळाच्या विश्रामकक्षात प्रवेश, दुकानांतली सूट, अपघात विमा अशा सवलती असतात. बहुतेकांना आपल्या खिशातल्या कार्डावर काय आहे हेच माहीत नसते.

पॉइंट म्हणजे किती पैसे?

पॉइंट हे नाणे नव्हे. दर शंभर रुपयांना दोन पॉइंट ऐकायला भरघोस वाटते, पण एक पॉइंट पंचवीस पैशांचा असेल तर शंभराला पन्नास पैसेच झाले. त्याच पॉइंटाची किंमत विमानाच्या तिकिटाला एक, वस्तूंच्या यादीतून मिक्सर घेतला तर दुसरी आणि रोख जमा करून घेतली तर तिसरी असते. काही बँका पॉइंट वटवायलाही शुल्क लावतात, काहींचे पॉइंट दोन-तीन वर्षांत बाद होतात. म्हणून कार्ड विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: माझ्या शंभर रुपयांमागे माझ्या खात्यात रोख किती परत येतील? तो घुटमळला तर समजून जावे. ज्याला याद्या चाळायला सवड नाही त्याला पॉइंटांपेक्षा बिलातच पैसे वळते करणारे साधे कॅशबॅक कार्ड बरे.

आता एका घराचा हिशोब मांडू. गॅरेजवाल्या मिस्त्रींचा महिन्याचा घरखर्च २५ हजार धरा. त्यात किराणा नऊ हजार, औषधपाणी दोन हजार, वीज व मोबाईल तीन हजार, पेट्रोल पाच हजार, मुलांची फी सहा हजार. कार्डाच्या जाहिरातीत एक टक्का परतावा लिहिलेला आहे, म्हणजे महिना २५० रुपये, वर्षाला तीन हजार. बारीक अक्षरांतल्या अटी मात्र वेगळेच सांगतात. पेट्रोलला बहुधा पॉइंट नसतात. तिथे एक टक्का अधिभार परत मिळतो, पण तो कार्ड वापरल्यामुळेच लागलेला असतो. वीजबिल आणि शाळेची फी अनेक कार्डांनी वगळली आहे किंवा त्यांवर मर्यादा घातली आहे. उरले किराणा आणि औषधे, अकरा हजार. त्याचा एक टक्का ११० रुपये, वर्षाचे १,३२०. कार्डाचे वार्षिक शुल्क ९९९ रुपये असेल तर जीएसटीसह १,१७९ रुपये गेले. मिस्त्रींच्या हाती वर्षाअखेर १४१ रुपये राहिले.

म्हणून निवड करायची ती आपल्या वहीवरून. मागच्या तीन महिन्यांचा खर्च कशाकशावर झाला ते कागदावर मांडा आणि मग कोणते कार्ड त्यावर किती देते ते पाहा. ज्याचा खर्च किराण्यात आणि औषधात आहे त्याला विमानाचे मैल देणारे कार्ड काय कामाचे? आपल्यासारख्या बहुतेकांना बिनशुल्काचे एकच साधे कार्ड पुरते. मात्र "मोफत" म्हणजे पहिले वर्ष मोफत, की आयुष्यभर, की वर्षाला ठराविक रकमेचा खर्च केला तरच माफ, हे लेखी घ्यावे. माझ्या स्वतःच्या एका कार्डाबाबत असेच झाले. देताना आयुष्यभर मोफत सांगितले होते. तेराव्या महिन्याच्या बिलात शुल्क आले आणि दुकानातल्या माणसाचे तोंडी वचन कोणी मानले नाही. त्या बँकेचे नाव घेत नाही, कारण मूळ चूक कागद न वाचण्याची, म्हणजे माझी होती. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे अर्जाबरोबर मुख्य अटींचे एक पानी पत्रक देणे बँकेवर बंधनकारक झाले. शुल्क, व्याजदर, सारे त्यात असते. ते मागून घ्यावे.

स्वागताचे बक्षीस आणि वटाव

नवीन गिऱ्हाइकाला ओढण्यासाठी बँका पहिले बक्षीस मोठे ठेवतात. साठ दिवसांत ७५ हजारांचा खर्च करा आणि दीड हजारांचे व्हाउचर घ्या, असा काहीसा तो मामला असतो. लग्न ठरलेले आहे, फ्रीज-कपाट घ्यायचेच आहे, तर त्या महिन्यात असे कार्ड घेणे शहाणपणाचे. पण बक्षिसासाठी खर्च वाढवणे, किंवा घाऊक बाजारातल्या मालाचे पैसे कार्डावर टाकणे, यात व्यापारी हमखास फसतो.

कसा ते पाहा. घाऊक कापड बाजारात रोख देणाऱ्याला वटाव मिळतो हे आपल्याला सांगायला नको. कार्ड पुढे केले की तो वटाव जातो, आणि बरेच घाऊक व्यापारी उलट मशीनचे दोन टक्के आपल्याकडूनच घेतात. ७५ हजारांच्या मालावर दोन टक्के म्हणजे बरोबर दीड हजार. व्हाउचरही दीड हजारांचेच. ते मिळाले तेही एखाद्या ठराविक दुकानाचे, जिथे आपण एरवी पायही ठेवला नसता. गेलेला वटाव वेगळाच.

त्यातून वैयक्तिक कार्डाच्या अटींत बहुधा लिहिलेले असते की ते कार्ड घरगुती वापरासाठी आहे. एकाच सूतवाल्याकडे दर आठवड्याला मोठ्या रकमा जाऊ लागल्या की बँकेला धंद्याचा वास येतो. मग पॉइंट गोठवले जातात आणि कधी कार्डही बंद होते. धंद्याच्या खर्चासाठी व्यावसायिक कार्ड वेगळे मिळते. वार्षिक शुल्क परवडत असेल तर तेच घ्यावे. घरचा आणि दुकानाचा हिशोब वेगळा राहतो, हिशोबनीसाचे काम हलके होते. आणखी एक लक्षात ठेवावे. वर्षभरात दहा लाख किंवा अधिक रकमेची कार्डबिले भरली, अथवा एक लाख किंवा अधिक रोखीने भरली, तर बँक ते आयकर खात्याला कळवते. हा नियम २०१६ साली लागू झाला. पॉइंटांसाठी भावकीचा खर्च आपल्या कार्डावर घेणाऱ्यांनी विवरणपत्र भरताना याचे भान ठेवावे.

खरी सवलत मुदतीची

पॉइंटांपेक्षा व्यापाऱ्याला उपयोगी पडणारी गोष्ट जाहिरातीत लहान अक्षरांत असते. ती म्हणजे पैसे फेडण्याची मुदत. समजा आपले बिल दर महिन्याच्या पाच तारखेला निघते आणि भरायची शेवटची तारीख पंचवीस आहे. सहा जूनला शिलाई मशीन घेतले तर ते पाच जुलैच्या बिलात येईल आणि पैसे पंचवीस जुलैला द्यावे लागतील. एकोणपन्नास दिवस मिळाले. तेच मशीन चार जूनला घेतले तर पंचवीस जूनला पैसे हजर हवेत, म्हणजे एकवीसच दिवस. दुकान तेच, किंमत तीच, फरक दोन दिवसांचा. ईदच्या हंगामापूर्वी काही घ्यायचे असेल तर बिल निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी घ्यावे. आपल्या पार्टीचे पैसे दर महिन्याच्या अखेरीस येत असतील तर बिलाची तारीख त्याप्रमाणे बदलून घ्यावी. किमान एकदा ती बदलून देणे रिझर्व्ह बँकेने बँकांना बंधनकारक केले आहे, पण मागणारे थोडे.

आता मुदत चुकली तर काय होते तेही ऐका. बहुतेक कार्डांचा दर महिना साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे वर्षाला बेचाळीस. चाळीस हजार थकले तर महिन्याचे व्याज १,४००, त्यावर जीएसटी २५२, एकूण १,६५२ रुपये. मिस्त्रींची वर्षभराची १,३२० ची कमाई एका महिन्यात बुडाली. व्याज खरेदीच्या तारखेपासून लागते. शिवाय जुनी बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर सुरू. बिलावर ठळक अक्षरांत छापलेली "किमान रक्कम" भरली की सुटलो, असा अनेकांचा समज असतो. किमान रक्कम भरल्याने फक्त उशिराचा दंड टळतो, बाकीवर व्याज चालूच राहते. वर्षाला तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित प्रथा असल्याचे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटले होते, पण सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. तेव्हा त्या निकालाच्या भरवशावर कोणी राहू नये.

ज्यांना तारीख लक्षात राहत नाही त्यांनी पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळते करण्याची सूचना बँकेला द्यावी. अर्जात "किमान" आणि "पूर्ण" असे दोन चौकोन असतात. "पूर्ण"वर खूण करावी. इस्पितळात धावपळ झाली आणि तारीख टळली तर घाबरू नये. तीन दिवसांहून अधिक उशीर झाल्याशिवाय उशिराचा दंड लावता येत नाही आणि पतमापन कंपनीला थकबाकीदार म्हणून कळवताही येत नाही.

आपल्या बाजारात आणखी एक रोग पसरला आहे, त्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. ओळखीच्याच्या मशीनवर कार्ड घासायचे, माल काहीच घ्यायचा नाही, दोन-तीन टक्के कापून रोख घ्यायची आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या कार्डाने पहिले फेडायचे. याला काही लोक कार्ड फिरवणे म्हणतात आणि वर पॉइंटही मिळतात म्हणून खूश असतात. दर महिन्याला अडीच टक्के कापले गेले तर वर्षाला तीस टक्के झाले. हे खोटे बिल आहे, कराराचा भंग आहे आणि बँकेच्या लक्षात आले की कार्डवाल्याबरोबर मशीनवाल्याचेही खाते अडकते. मित्राने गळ घातली तरी आपले मशीन अशा कामाला देऊ नये. हातउसने पैसे देणे परवडले. सरळ एटीएममधून क्रेडिट कार्डावर रोख काढली तर त्याच दिवसापासून व्याज आणि वर शुल्क, तेव्हा तो रस्ताही नाही.

"नो कॉस्ट" हप्त्यांचेही असेच. त्यात व्याज नसते असे नव्हे. दुकानदार तेवढी सूट देतो आणि बँक व्याज लावते, जमाखर्च सारखा दिसतो. बिलात व्याजाचा रकाना असतो, त्यावर जीएसटी लागतो आणि बहुधा प्रक्रिया शुल्कही. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच म्हटले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. व्याजापासून दूर राहू पाहणाऱ्याने दुकानदाराला ती सूट रोखीवर मागावी. पुष्कळदा मिळते.

रुपे कार्ड, फेरीवाले आणि उमराचा प्रवास

सप्टेंबर २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते. गल्लीतल्या वाण्याच्या क्यूआरवरही कार्डाने पैसे देता येतात. लहान दुकानदाराला दोन हजारांपर्यंतच्या अशा व्यवहारावर कमिशन लागत नाही, त्यापुढे लागू शकते. म्हणून आपला माल घेणाऱ्याने मोठी रक्कम क्यूआरवर दिली आणि पैसे कमी जमा झाले तर चक्रावून जाऊ नये, ते कार्डाचे पैसे असतील. ज्याचा घरखर्च छोट्या छोट्या दुकानांत होतो त्याने कार्ड घेताना रुपे मागावे, फक्त यूपीआयवर पॉइंट मिळतात का ते विचारावे.

हातगाडीवाल्यांसाठीही एक वाट निघाली आहे. पीएम स्वनिधी योजनेची फेररचना ऑगस्ट २०२५ मध्ये झाली, तीत दुसरे कर्ज फेडलेल्या फेरीवाल्याला यूपीआयला जोडलेले रुपे क्रेडिट कार्ड आणि डिजिटल व्यवहारांवर १,६०० रुपयांपर्यंत कॅशबॅक ठरवले आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पात उद्यम पोर्टलवर नोंदलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी पाच लाख मर्यादेची कार्डे जाहीर झाली. उद्यम नोंदणीला पैसे पडत नाहीत. ज्या कारागिराने ती अजून केलेली नाही त्याने दलालाला पाचशे रुपये देण्यापूर्वी घरातल्या शिकलेल्या मुलाला बसवावे.

विमानतळावरच्या फुकट नाश्त्याचे आकर्षण उमराला जाणाऱ्यांना फार असते. अलीकडे अनेक कार्डांनी त्याला मागच्या तिमाहीत ठराविक खर्चाची अट घातली आहे, निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. परदेशी चलनात खर्च केला की साधारण साडेतीन टक्क्यांपर्यंत अधिभार आणि त्यावर जीएसटी लागतो. मक्केच्या दुकानात मशीन "रुपये की रियाल?" असे विचारते, तेव्हा रियालच सांगावे. रुपये सांगितले तर दुकानाकडचा दर लागतो आणि तो बहुधा महाग असतो. ज्या कार्डाचा परदेशी अधिभार कमी ते कार्ड या प्रवासाला चांगले, त्यावर फुकट नाश्ता नसला तरी.

नको असलेले कार्ड बंद करणे आता सोपे आहे. बाकी शून्य करून, जमलेले पॉइंट आधी वटवून, लेखी किंवा ईमेलने अर्ज द्यावा. सात कामकाजाच्या दिवसांत बँकेने कार्ड बंद केले नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये तिने आपल्याला द्यायचे, असा नियम आहे. न मागता पाठवलेले कार्ड सुरू करून त्याचे बिल लावले असेल तर ते रद्द करून वर दुप्पट रक्कम दंड म्हणून बँकेने द्यायची आहे. माझे ते "आयुष्यभर मोफत" कार्ड मी याच पद्धतीने बंद केले. अर्जाची पोच जपून ठेवली होती, पाचव्या दिवशी काम झाले. पॉइंटांपोटी मिळालेले व्हाउचर मात्र अजून कपाटात पडून आहे, कारण त्या दुकानाची शाखा आमच्या गावात नाही.